क्रोएशियातले संगीत महोत्सव: आधी सूर ठरवा, विमान मग

क्रोएशियाचा बेत आपल्याकडे साधारण दोन तऱ्हांनी आखला जातो. घरची वडीलधारी मंडळी असतील तर दुब्रोव्निकची तटबंदी, प्लिटवित्सेचे धबधबे आणि एखादं बेट. मित्रांचा गट असेल तर पाग बेटावरचा झरचे किनारा, चार रात्री डीजे आणि परत. दोन्हींत चूक मात्र एकच होते. विमानाचं तिकीट आधी निघतं आणि 'तिथे त्या वेळी काय चालू असेल' हे नंतर शोधलं जातं. संगीतासाठी जाणार असाल तर हे उलटं करा. हा देश छोटा आहे, नुसत्या पुणे शहराच्या आसपास लोकवस्तीचा. पण दर दीडशे-दोनशे किलोमीटरवर वाद्य बदलतं, गळा बदलतो, आणि प्रत्येकाचा उत्सव आपापल्या तारखेला असतो.

पहिली पायरी: कुठला सूर ऐकायचा आहे?

नकाशा उघडा. क्रोएशिया उघड्या जबड्यासारखा दिसतो. वरचा जबडा पूर्वेला डॅन्यूबपर्यंत जातो, तो स्लावोनिया, सपाट शेतीचा प्रदेश. खालचा जबडा एड्रियाटिक समुद्राला लागून दक्षिणेला उतरतो, तो दाल्मेशिया. पश्चिमेला टोकाशी इस्त्रिया. या तिघांचं संगीत एकमेकांचं चुलत भावंडही वाटत नाही.

स्लावोनिया म्हणजे तंबुरा. नाव ऐकून आपला तंबोरा आठवेल. शब्द एकाच मुळाचा आहे, फारसीतून तुर्कांबरोबर तिकडे गेला. पण तिथला तंबुरा षड्ज धरून बसत नाही. तो मेंडोलिनसारखा छेडतात, आणि लहान-मोठ्या आकारांचे पाच-सात तंबुरे मिळून पूर्ण वाद्यवृंद होतो. त्याच्यावर गायला जाणारा प्रकार म्हणजे बेचारात्स. दोन ओळींचा यमकदार टोमणा. एक जण पहिली ओळ टाकतो, बाकीचे ती उचलून धरतात, दुसऱ्या ओळीत फटका बसतो. आपल्या उखाण्याला थोडा चावटपणा चढवला तर जे होईल ते. 'बेचार' म्हणजे सडाफटिंग, मजेत फिरणारा गडी. तोही तुर्कीतून आलेला शब्द, आणि मागे गेलं तर आपल्या 'बेकार'शी नातं निघतं! २०११ मध्ये युनेस्कोने बेचारात्सला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर क्लापा. वाद्याशिवाय गाणारा मित्रांचा कंपू, साधारण सहा ते दहा जणांचा. वरच्या पट्टीचा पहिला टेनर सुरुवात करतो, मग दुसरा टेनर, बॅरिटोन, खाली बास. विषय म्हणजे समुद्र, आई, गाव, न मिळालेली मुलगी. क्लापा २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पूर्वी हे पुरुषांचंच गाणं होतं, आता स्त्रियांचे क्लापा तितक्याच तयारीने गातात.

याच दाल्मेशियाच्या डोंगराआडच्या भागात, व्रलिकाच्या बाजूला, 'निएमो कोलो' नावाचा नाच आहे, मुका फेर. संगीत अजिबात नाही. फक्त पावलांचा दणका आणि बायकांच्या अंगावरच्या नाण्यांचा खळखळाट. संगीत महोत्सवात मला सर्वांत लक्षात राहण्यासारखी गोष्ट कुठली, असं विचारलंत तर मी या बिनसंगीताच्या नाचाचं नाव घेईन.

इस्त्रियात सोपेले, सनईसारखी दुहेरी पत्तीची वाद्यं, नेहमी जोडीने वाजणारी, एक मोठं आणि एक लहान. त्यांची स्वरपंक्ती वेगळीच आहे, स्वर एकमेकांना खेटून असतात. पहिल्यांदा ऐकताना 'हे बेसूर आहेत का?' असं वाटतं. पाच मिनिटं थांबा. शेवटी दोघे एकाच स्वरावर येऊन टेकतात तेव्हा खुलासा होतो.

या सगळ्याच्या जोडीला अभिजात पाश्चात्त्य संगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत, दोन्ही पुष्कळ. तुम्हाला यातलं काय हवं आहे ते आधी एका कागदावर लिहा. सगळं हवं असेल तर दोनच निवडा.

दुसरी पायरी: तारखा जुळवणे

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर हा हंगाम. महत्त्वाचं तेवढंच सांगतो.

जाकोवोचा 'जाकोवाच्की वेझोवी' १९६७ पासून भरतो. नावाचा अर्थ जाकोवोचं भरतकाम. जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा, आणि रविवारची मिरवणूक हा त्याचा कळस. बिशप श्ट्रोसमायरने १९ व्या शतकात बांधलेल्या लाल विटांच्या कॅथेड्रलसमोरून गावोगावची पथकं जातात, लिपित्सानर घोड्यांच्या गाड्या जातात. पोशाखांवरचं सोनेरी जरीकाम आणि मुलींच्या छातीवर ओळीने लटकणारी सोन्याची नाणी बघितली की आपली पुतळ्यांची माळ आठवल्याशिवाय राहत नाही. स्लावोनियाचाच दुसरा मोठा उत्सव विंकोव्त्सीचा 'विंकोवाच्के येसेनी', १९६६ पासून, सप्टेंबरात. उन्हाळ्याची गर्दी आणि भाव टाळायचे असतील तर हाच धरा.

राजधानी झाग्रेबची आंतरराष्ट्रीय 'स्मोत्रा फोल्क्लोरा', लोककलांचा महोत्सव, हीसुद्धा १९६६ चीच, जुलैत. एकाच शहरात देशभरातली पथकं बघायला मिळतात. वेळ कमी असणाऱ्यांसाठी हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय. फक्त एक, शहरातल्या रंगमंचावर आलेलं लोकसंगीत थोडं इस्त्री केलेलं वाटतं. गावातल्या धुळीत ते वेगळं दिसतं.

ओमिशचा दाल्मेशियन क्लापांचा महोत्सव १९६७ मध्ये सुरू झाला. तो जुलैभर टप्प्याटप्प्याने चालतो, अंतिम रात्री महिन्याच्या शेवटाकडे. पुरुष, स्त्रिया, नवीन रचना अशा वेगवेगळ्या रात्री असतात, म्हणून नुसतं 'महोत्सव चालू आहे' एवढ्यावर जाऊ नका, रात्र बघून जा.

दुब्रोव्निकचा उन्हाळी महोत्सव १९५० पासूनचा आणि त्याच्या तारखा पाठ करून ठेवण्यासारख्या, कारण त्या बदलत नाहीत: १० जुलै ते २५ ऑगस्ट. पहिल्या रात्री स्वातंत्र्याचा, 'लिबेर्तास'चा, झेंडा चढतो आणि सतराव्या शतकातल्या कवी गुंदुलिचच्या ओळी गायल्या जातात. रेक्टरच्या, म्हणजे जुन्या दुब्रोव्निक प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, राजवाड्याच्या चौकात होणाऱ्या मैफिली हे माझ्या मते दुब्रोव्निकमधलं सर्वांत चांगलं खर्च झालेलं तिकीट. स्प्लिटचा उन्हाळी महोत्सव १९५४ चा. तिथे रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या चौकात ऑपेरा होतो. शरद ऋतूत वाराझदिनची बरोक संगीताची संध्याकाळमालिका, १९७१ पासून. आणि अगदी आधुनिक, प्रायोगिक संगीत ऐकायचं असेल तर झाग्रेबचं 'बिएनाले', १९६१ मध्ये मिल्को केलेमेन या संगीतकाराने सुरू केलेलं, विषम वर्षी वसंतात भरणारं.

आता डीजेवाल्यांसाठी. स्प्लिटचा 'अल्ट्रा युरोप' २०१३ पासून, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा शनिवार-रविवार. पागवर 'हाइडआउट' जूनअखेरीस, 'सोनुस' ऑगस्टमध्ये. तिस्नो हे गाव त्या मानाने छोटं, निवांत. 'लव्ह इंटरनॅशनल' तिथे जुलैत होतो. झाग्रेबच्या यारुन तलावावरचा 'इनम्युझिक' २००६ पासूनचा रॉक महोत्सव. हे सगळे खासगी आयोजक असतात. जागा बदलते, एखाद्या वर्षी खंड पडतो, म्हणून त्या वर्षाची घोषणा स्वतः वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण ती नडते. क्रोएशियन लोक महिन्यांना जून-जुलै म्हणत नाहीत. त्यांची जुनी नावं आहेत: जून म्हणजे लिपान्य, लिंडनच्या झाडाचा. जुलै स्रपान्य, विळ्याचा, म्हणजे कापणीचा. ऑगस्ट कोलोवोझ, गाड्या ओढायचा. सप्टेंबर रुयान. फलकावर '२० स्रप्न्या, २१ साती' असं दिसलं तर २० जुलै, रात्री ९ वाजता. आणखी तीन शब्द लिहून घ्या. 'उलाझ स्लोबोदान' म्हणजे प्रवेश मोफत. 'रास्प्रोदानो' म्हणजे तिकिटं संपली. आणि 'उ स्लुचायु किशे', पाऊस आल्यास. हा तिसरा मला माहीत नव्हता. ओल्या चौकात रिकाम्या खुर्च्यांपुढे मी अर्धा तास छत्री धरून उभा, आणि मैफल दोन गल्ल्या पलीकडे चर्चमध्ये चालू. फलकावर तळाला सगळं स्पष्ट छापलेलं होतं.

तिसरी पायरी: व्हिसा

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशगटात, आहे आणि चलन युरो आहे. जुन्या लेखांत कुना या आधीच्या चलनातले भाव दिसले तर सोडून द्या. भारतीय पारपत्रावर अल्पकाळाचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. जुलैसाठी मार्चमध्ये भेटीची वेळ धरा, मे-जूनमध्ये सगळा भारत युरोपला निघालेला असतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

विमान दोहा, दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्ट मार्गे जाईल. मुक्काम जास्त क्रोएशियात असेल तर अर्ज क्रोएशियाकडेच करायचा, विमान जर्मनीत उतरतंय म्हणून जर्मनीकडे नव्हे. महोत्सवाचं तिकीट अर्जाला जोडा, हेतू स्पष्ट होतो. पण ते हॉटेलच्या आरक्षणाची जागा घेत नाही.

चौथी पायरी: तिकीट आणि खोली

लोकसंगीताचे बरेच कार्यक्रम रस्त्यावर, चौकात, मोफत. तिथे तिकिटाची घाई नसते, खोलीची असते. जाकोवोसारख्या गावात मिरवणुकीच्या रविवारी खोल्या मिळत नाहीत. मग ओसियेक या मोठ्या शहरात राहा आणि बसने या, अंतर ४० किलोमीटरच्या आत आहे.

डीजे महोत्सवांची तिकिटं टप्प्यांत विकली जातात, पहिला टप्पा सर्वांत स्वस्त. बोटीवरच्या मैफिलींचं तिकीट बहुतेक ठिकाणी वेगळं असतं आणि आधी तेच संपतं. तिस्नोला जाणारे पुष्कळ जण हे विसरतात आणि मग धक्क्यावरून हात हलवतात.

किनाऱ्यावर घरगुती खोल्यांचा धंदा जुना आहे. दारावर 'सोबे' पाटी दिसली की खोल्या मिळतात. ऐन हंगामात एका रात्रीसाठी कोणी सहज देत नाही, तीन-चार रात्री धरायला लागतात. आणि क्लापा ऐकायला जाणाऱ्यांनी 'अल्ट्रा'च्या शनिवार-रविवारी स्प्लिटमध्ये खोली घेऊ नये. भाव चढलेले, झोप उडालेली. स्प्लिटपासून २५ किलोमीटरवर ओमिश आहे, तिथेच राहा.

पाचवी पायरी: फिरणं

आगगाडीचा नाद सोडा. दुब्रोव्निकला रेल्वेच नाही. बस हेच खरं वाहन: झाग्रेब ते स्प्लिट पाच-साडेपाच तास, स्प्लिट ते दुब्रोव्निक चार-साडेचार. सामान खाली ठेवण्याचे वेगळे पैसे बऱ्याच बसमध्ये चालक मागतो, सुटी नाणी खिशात ठेवा. पन्नासची नोट काढलीत तर त्याच्या चेहऱ्यावरून भाषा न येताही कळेल.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. दुब्रोव्निकचा भाग उरलेल्या देशापासून बोस्नियाच्या अरुंद पट्टीने, नेउमने, तुटलेला आहे. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला आणि बोस्नियात न शिरता जाता येऊ लागलं. पण कुठली बस कुठून जाते हे विचारावंच लागतं. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल आणि बस नेउममार्गे गेली, तर परत क्रोएशियात शिरताना तुम्ही अडकाल. 'प्रेको मोस्ता?' म्हणजे 'पुलावरून?' एवढं विचारून मगच तिकीट घ्या. उन्हाळ्यात स्प्लिटहून ह्वार, कोर्चुला करत दुब्रोव्निकला जाणारी कॅटामरान बोट असते. प्रश्नच मिटतो, आणि समुद्रही होतो.

पागला उत्तरेकडून येत असाल तर प्रिझ्ना ते झिगल्येन फेरी, पंधराएक मिनिटांची. दक्षिणेकडून पूल आहे. 'बुरा' नावाचा डोंगरावरून सुटणारा वारा लागला तर दोन्ही बंद होऊ शकतात. परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी पागवर असू नका.

पोटाचं काय?

शाकाहारी माणसाची किनाऱ्यावर अडचण होत नाही. ब्लित्वा म्हणजे पालकाच्या जातीची भाजी, बटाटा आणि लसूण घालून परतलेली, अगदी घरची वाटते. ओमिशच्या बाजूला पोल्यित्सा भागात सोपार्निक मिळतो: दोन पातळ पोळ्यांमध्ये हीच भाजी, निखाऱ्यांवर भाजलेली, वरून ऑलिव्ह तेल आणि लसूण. क्लापाच्या रात्री एका हातात हा धरून उभं राहण्यात जी मजा आहे ती कुठल्याही हॉटेलात नाही. झाग्रेबकडे चीजचे श्त्रुक्ली. स्लावोनियात मात्र सगळा डुकराचा आणि नदीच्या माशांचा कारभार. तिथे 'बेझ मेसा', मांसाशिवाय, हे दोनदा सांगा आणि बेकरी, 'पेकारा', कुठे आहे ते आधी बघून ठेवा. नळाचं पाणी प्यायला चालतं.

प्रत्यक्ष संध्याकाळी

क्लापा पहिल्यांदा ऐकायचा तर महोत्सवाच्याही आधी स्प्लिटच्या राजवाड्यातल्या 'वेस्टिबुल'मध्ये जा. गोल दालन, उंच भिंती, वरचा घुमट केव्हाच कोसळलेला, त्यातून आकाशाचा एक गोल तुकडा दिसतो. उन्हाळ्यात सकाळ-दुपार तिथे एखादा क्लापा उभा असतो. अर्धवर्तुळात, खांद्याला खांदा लावून. एक जण ओठ मिटून सूर देतो, इतका हळू की तो फक्त त्यांच्यासाठीच असतो. मग पहिला टेनर एकटाच निघतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला बाकीचे त्याच्याखाली सरकतात. भिंती तो आवाज फिरवून वर नेतात. भिंतीला पाठ लावून उभे राहा, मधोमध नको. गाणं संपल्यावर समोरच्या पेटीत दोन-चार युरो टाका, ते पर्यटकांचे आश्रित नाहीत पण फुकटही गात नाहीत.

ओमिशमध्ये जुन्या गावाच्या छोट्या चौकात खुर्च्या मांडतात, मागे उभा डोंगर. तिथे ही स्पर्धा असते हे विसरू नका. श्रोते जाणकार असतात आणि शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत कोणी टाळी वाजवत नाही. आपल्याकडे सम आली की हात वर जातो. इथे तो आवरा.

झरचेची गोष्ट वेगळी. हा किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही, तेव्हा रबरी बूट हवेतच. राहायला नोवाल्या हे शेजारचं गाव, तिथून बस असतात. दुपारपासून सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, म्हणून तरणीताठी मंडळीही तिसऱ्या दिवशी गळतात. एक दुपार पूर्ण झोपेसाठी राखून ठेवा. अमली पदार्थांची तपासणी होते, दंड जबर असतो आणि शेंगेनमधली नोंद पुढच्या व्हिसाला आडवी येते. ह्वार आणि स्प्लिटच्या जुन्या गावात पोहण्याच्या कपड्यांत फिरलात तरीही दंड आहे. माझं प्रांजळ मत: गोव्यातल्या मोठ्या डीजे महोत्सवांना जाऊन आलेल्या माणसाला झरचेमध्ये नवं फार थोडं मिळेल. तिस्नोमध्ये ते मिळेल. दिवसा पाइनच्या सावलीत, पाण्याच्या कडेला संगीत, आणि ध्वनियंत्रणेपेक्षा रेकॉर्ड निवडणाऱ्याला महत्त्व.

जुलैचा एक बेत

पहिल्या शुक्रवारी झाग्रेबला उतरा, शनिवारी सकाळच्या बसने जाकोवो किंवा ओसियेक. रविवारी मिरवणूक. नऊच्या आधी कॅथेड्रलसमोर सावलीची बाजू पकडा, स्लावोनियातलं ऊन विदर्भाची आठवण करून देतं. सोमवारी परत झाग्रेब, मंगळवारी स्प्लिट. दोन रात्री ओमिशला, मग बोटीने किंवा पुलावरच्या बसने दुब्रोव्निक. १० तारखेचं उद्घाटन यात बसतं का ते त्या वर्षीच्या वारावर अवलंबून आहे, एखादा दिवस इकडेतिकडे करा. परतीचं विमान दुब्रोव्निकहून रविवारी दुपारनंतरचं घ्या. कारण विमानतळ ज्या चिलिपी गावाशी आहे, तिथे हंगामात दर रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर चर्चसमोर नाच होतो. लियेरित्सा नावाचं तीन तारांचं वाद्य गुडघ्यावर उभं धरून एक जण वाजवतो आणि पायाने जमिनीवर ताल मारतो. तो पाय थांबला की नाचणारे थांबतात. सामान बरोबर घेऊनच जा.

ज्यांना जुलैचा उत्तरार्ध सोयीचा आहे त्यांनी झाग्रेबची स्मोत्रा आणि ओमिशच्या अंतिम रात्री अशी जोडी लावावी. स्लावोनिया मग सप्टेंबरच्या खात्यात.

ओमिशला असाल तर बक्षिसं जाहीर झाली की लगेच खोलीवर जाऊ नका. गायक मंडळी गल्लीतल्या कोनोबांमध्ये, म्हणजे तिथल्या खाणावळींत, उतरतात. हरलेले आणि जिंकलेले एकाच टेबलावर. वाइनमध्ये पाणी घालून 'बेवांदा' घेतात आणि बारा वाजून गेल्यावर कोणीतरी ओठ मिटून सूर देतो. शेजारच्या टेबलावर बसा, एक बेवांदा मागवा, फोन खिशात ठेवा.